सातव्या घराची जमीन

या, असे जवळ या. खांबाला टेकून बसलेत त्यांनीही पुढं सरकावं. लांब बसलं की गोष्ट अर्धीच कानावर पडते, उरलेली अर्धी माणूस पदरची घालतो आणि घरी जाऊन भलतंच सांगतो. आज पायाखालच्या एका गावाची गोष्ट सांगायची आहे. देव आहे तिच्यात, पण तो फारसा बोलत नाही. बोलतात माणसं आणि चुकतातही माणसंच. गोष्ट आहे पुढच्या तीसेक वर्षांतली, तरी ती घडून गेल्यासारखी सांगतो, म्हणजे ऐकताना तुमच्या जिवाला घोर नको.

तेव्हा कऱ्हाड चांगलंच वाढलं होतं. कृष्णा आणि कोयना जिथं समोरासमोर येऊन भेटतात तो संगम जागच्या जागी होता, पण काठावर बारा-बारा मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. गाड्या लावायला जागा उरली नाही म्हणून जमिनीखाली वाहनतळ खोदायला घेतला, तर यंत्राचं पातं जुन्या विटांना लागलं. काम थांबलं. पुढची नऊ वर्षं खुरप्यांनी आणि ब्रशांनी खोदणं चाललं, आणि वरचं शहर तसंच ठेवून खाली दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव मोकळं झालं. एक्केचाळीस घरं, दोन गल्ल्या, एक धान्याचं कोठार, आणि भाजक्या मातीच्या कड्या एकावर एक रचून केलेल्या विहिरी. लिफ्टनं पंचेचाळीस फूट खाली उतरायचं, काचेच्या पुलावरून चालायचं आणि डोक्यावर बसगाड्यांची घरघर ऐकत सातवाहनांच्या काळातल्या कुणा बाईच्या चुलीत डोकावायचं.

हे गाव लोकांना फिरवून दाखवायचं काम भागीरथी शेडगे करायची. सगळे तिला भागूताई म्हणत. वय सत्तावन्न, माहेर पाटणच्या वरच्या डोंगरातलं, मालक जाऊन पंधरा वर्षं झालेली, एक मुलगी. पहिल्यांदा ती हे गाव सांभाळणाऱ्या केंद्रात झाडलोट करायला लागली होती. एके दिवशी गाईड आला नाही आणि चाळीस शिक्षक दारात खोळंबले, तेव्हा साहेबांनी झाडू बाजूला ठेवायला लावून तिलाच खाली पाठवलं. तासाभरानं शिक्षक वर आले ते डोळे पुसत. तेव्हापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला.

हे तिला आलं कुठून? कीर्तनातून. घाटावरच्या मंडपात गोपाळबुवा तांबवेकरांचं दर एकादशीला दुपारी कीर्तन असे आणि भागूताईनं तीस वर्षांत एकही चुकवलं नव्हतं. पूर्वरंगात माणूस बसवायचा, उत्तररंगात हलवायचा, हे ती बुवांकडून शिकली होती. बुवांना मात्र आपण कुणाला काही शिकवलंय याचा पत्ता नव्हता.

पण लोक यायचे ते काही नुसतं भागूताईचं बोलणं ऐकायला नव्हे. यायचे ते ‘मूळघर’ बघायला.

ते काय होतं ते नीट सांगतो. माणूस जिथं राहतो तिथं थोडाथोडा सांडत राहतो. केस, थुंकी, नखं, कातडीचा कोंडा, रांगत्या पोरानं केलेली घाण. त्या प्रत्येक कणात आपला डीएनए असतो, म्हणजे आपण कसे घडलो याचा मजकूर. उन्हावाऱ्यात तो लवकर मोडून जातो. पण चिकणमातीचा कण त्याला धरून बसतो, आणि त्यात राख-चुना असला, गारवा असला, अंधार असला, तर हजारो वर्षं सोडत नाही. डॉ. रेहाना मुजावर नावाच्या मिरजेकडच्या बाईंनी त्या एक्केचाळीस घरांच्या जमिनींतून चिमूट चिमूट माती घेतली, तिच्यातले हे मजकुराचे तुकडे वेगळे केले आणि घरागणिक लावून ठेवले. अकरा वर्षांचं काम. आता पाहुण्यानं आत शिरताना एक काडी गालाच्या आतून फिरवून द्यायची आणि तासभर गाव बघायचं. बाहेर पडायच्या दारात एक फलक होता. ज्या घरातल्या मातीशी तुमचा मजकूर सगळ्यात जास्त जुळेल त्या घराचा आकडा तिथं उजळायचा. हे तुमचं मूळघर.

मोठमोठी माणसं त्या फलकापाशी रडली आहेत. ज्याला आजोबांच्या बापाचं नाव ठाऊक नाही त्याला दोन हजार वर्षांपूर्वीची चूल मिळाली, तर रडणारच.

हळूहळू आकडा घराच्या पाटीवर आला, गाडीच्या काचेवर आला आणि लग्नाच्या माहितीपत्रकातही आला. रास, नाडी, गण, मूळघर. मग एक रीत पडली. दोघांचं मूळघर एकच निघालं तर रक्त एक, म्हणजे भाऊबहीण. तिथं सोयरीक करायची नाही. कायदा कुणी केला नव्हता. रीत पडायला कायदा लागत नाही.

भागूताईची मुलगी ओवी पुलांच्या तपासणीची ड्रोन उडवायची. तिचं जमलं होतं श्रीरंगशी. श्रीरंग जनावरांचा डॉक्टर, आणि गोपाळबुवांचा नातू. आईबाप लहानपणीच अपघातात गेले, तेव्हापासून आजोबांनीच वाढवलेला. एकादशीला तो बुवांच्या मागं बसून पेटी वाजवायचा. हे कळलं त्या दिवशी भागूताईनं देवापुढं साखर ठेवली आणि चार वेळा ठेवली, कारण आधी ठेवलेली आहे हेच ध्यानात राहिना. ज्या माणसाच्या पायाशी बसून आयुष्य काढलं, त्याच्या घरात आपली लेक जाणार होती.

सुपारीच्या आदल्या दिवशी दोन्ही मुलांसमोर ती बुवांना म्हणाली, “बुवा, तुम्ही एवढ्या वर्षांत माझं गाव बघितलंच नाही. उद्या सोयरे होणार आपण. आज चला, मी फिरवते.”

“तुझं गाव?” ओवी हसली. “सातवाहनांनी आईच्या नावानं खरेदीखत करून दिलंय, आजोबा.”

चौऱ्याऐंशी वर्षांचे बुवा काठी टेकत पुलावरून फिरले. प्रत्येक चुलीपाशी थांबले, हात जोडले. भागूताई त्या दिवशी अशी बोलली की मागं दुसऱ्या गाईडबरोबर आलेली माणसंही तिच्याच मागं लागली. शिरताना हौसेनं तिनंच दोन काड्या मुलांच्या हातात दिल्या होत्या.

बाहेरच्या दारात फलक उजळला. श्रीरंग तांबवेकर, सात. ओवी शेडगे, सात.

“घ्या,” श्रीरंग म्हणाला, “म्हणजे दोन हजार वर्षं शेजारी राहून आत्ता ओळख झाली.”

ओवीही हसली. बुवा हसले नाहीत.

“भागूताई,” ते म्हणाले, “हे दोन्ही सात एकाच घराचे का?”

“होय, बुवा.”

बुवांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. “उद्याची सुपारी जरा पुढं ढकलूया,” म्हणाले, आणि लिफ्टकडं वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूताई त्यांच्या घरी गेली. बुवा ओट्यावर बसले होते, पुढ्यात झांजा होत्या आणि ते त्यांची दोरी बदलत होते. तिनं काही विचारायच्या आधीच बोलायला लागले.

“चार वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी आठवते? मी दृष्टांत दिला होता. एका चुलीवर भाकरी खाल्लेली ती एका आईची लेकरं, आणि आता तर विज्ञानानं चूल दाखवून दिली, तेव्हा त्या नात्याची मर्यादा पाळा.”

“आठवतो ना. टाळ्या थांबेनात.”

“त्या टाळ्या मलाही गोड लागल्या. महिन्याभरानं ओगलेवाडीचे कणसे आले. त्यांच्या स्वरदाचं लग्न ठरलेलं, पत्रिका छापून वाटलेल्या. दोघांचं मूळघर एकोणीस निघालं. मला म्हणाले, बुवा, तुम्ही सांगाल तसं. मी म्हटलं, मोडा. मोडलं त्यांनी. त्यानंतर आणखी तीन ठिकाणची मोडली, माझ्याच शब्दावर.” बुवांनी दोरीला गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. “आता आकडा माझ्या दारात आलाय. लोकांच्या लेकरांना एक नियम लावला आणि माझ्या लेकराला दुसरा लावला, तर मंडपात कुठल्या तोंडानं उभा राहू?”

बुवा खोटं वागत असते तर तिला भांडता आलं असतं. ते खरं वागत होते, आणि तिची लेक त्यात भरडली जात होती.

घरी ओवीनं ताट पुढं ओढलं आणि तसंच ठेवलं.

“तूच नेलंस आम्हाला. काडीसुद्धा तूच हातात दिलीस.”

“मला काय माहीत असं निघेल म्हणून?”

“सहा वर्षं जगाला सांगतेस, हे तुमचं मूळघर, हे तुमचं मूळघर. तुला नाही तर कुणाला माहीत?”

भागूताईनं ताट पुन्हा तिच्याकडं सरकवलं आणि म्हणाली, “नोंदणीचं लग्न करा. मी सही करते साक्षीदार म्हणून.”

“मी म्हटलं श्रीरंगला. तो म्हणतो, आजोबांना मंडपातून खाली उतरवून मला बोहल्यावर चढायचं नाही.” ओवीनं डोळे पुसले. “आणि राग काय येतो माहितीये? मला तो त्यासाठीच आवडतो.”

केंद्राच्या साहेबांच्या कानावर गेलंच. माणूस वाईट नव्हता. त्यांनी भागूताईला बोलावून चहा दिला आणि ड्रॉवरमधून एक नवी काडी काढून तिच्यापुढं ठेवली.

“फेरतपासणी करा मुलीची. पुष्कळदा आकडा बदलतो.”

“बदलतो? मग खरा कुठला धरायचा?”

“शेवटचा.” साहेब हसले. “ताई, तुम्हाला लग्न व्हायला हवंय ना? सातचे नऊ झाले की बुवाही मोकळे आणि तुम्हीही. यात कुणाचं काय बिघडतं?”

भागूताईनं ती काडी पर्समध्ये ठेवली. चार दिवस ती तिथं होती. खोटं काय सांगू, तीन वेळा तिनं ती बाहेर काढली. एकदा तर ओवी झोपाळ्यावर पुस्तक वाचत होती, तिच्यापर्यंत गेलीसुद्धा. पण मनात एकच येई. आकडा बदलून माझ्या लेकीचं झालं, तर ज्यांना बदलायचं ठाऊक नव्हतं त्यांचं काय? आणि ज्या देवापुढं आपण साखर ठेवली त्याला हे कसं सांगायचं? ती परत फिरे.

पाचव्या दिवशी मोरगिरीकडच्या बचत गटाच्या बायका आल्या. नऊवारीतल्या दोघी-तिघी, बाकीच्या पंजाबी ड्रेसमधल्या, आणि सगळ्यांत पुढं एक सत्तरी उलटलेली म्हातारी. भागूताई बोलत होती, पण त्या दिवशी तिचं बोलणं सवयीनं चाललं होतं. सातव्या घरापाशी आल्यावर तिनं टॉर्चचा उजेड जमिनीच्या कापावर टाकला. जमीन सुरीनं कापल्यासारखी उभी कापून ठेवली होती आणि तिच्यात पोळीचे पदर सुटावेत तसे थर दिसत होते. एक पांढरट, एक काळपट, पुन्हा पांढरट.

“हे बघा, सदतीस पांढरे थर. काळपट थर शेणाच्या सारवणाचे. ते झिजले की बाई पुन्हा पांढऱ्या मातीची जमीन करायची. असं सदतीस वेळा केलंय या घरातल्या बायांनी.”

म्हातारी कठड्यावरून वाकली. “आगं लेकी, पर ही पांढरी आनली कुटनं? हितली समदी माती तर काळी हाय.”

“आजी, पांढरी ती...” भागूताईनं तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

तिला आईची पाटी दिसली. दिवाळीच्या आधी वाडीतल्या सगळ्या बायका पाट्या घेऊन निघायच्या, डोंगराच्या सोंडेवर जुन्या वाडीकडं. प्लेगात उठलेली वाडी, पडून राहिलेली. तिथली माती पांढरी, कारण पिढ्यान् पिढ्यांची राख, चुना, पडक्या भिंती सगळं त्यात मुरलेलं. तीच माती आणायची, कारण चोपली की गच्च बसते आणि तडकत नाही. रानातल्या काळ्या मातीची जमीन कुणी करत नसे. खणताना बांगडीचे तुकडे निघायचे, खापऱ्या निघायच्या. पहिली पाटी भरायच्या आधी आई म्हणायची, “हात जोड. हितं माणसं राहत होती.”

हितं माणसं राहत होती. दुसरीच माणसं, आधीची. त्यांची माती उचलून आपण आपल्या घरात घालत होतो.

“काय झालं गं?” म्हातारीनं विचारलं.

“काही नाही, आजी. तुम्ही लई मोठा प्रश्न विचारला.”

बाहेरच्या दारात बायका फलकापुढं रांगेनं उभ्या राहिल्या. भागूताईनं भिंतीवरचं बटण बंद केलं. “बायांनो, आज फलक बंद. का ते मलाच अजून पुरतं माहीत नाही. माफ करा.”

“आँ? त्येच्यासाठी तर दोन बस बदलून आलो!” एकजण कुरकुरली.

“आलीस ते बरं झालं,” म्हातारी तिला म्हणाली. “घर माहीत न्हाई व्हय तुला तुझं?”

भागूताई तशीच डॉ. मुजावरांच्या प्रयोगशाळेत गेली.

“मॅडम, तुम्ही कधी जमीन सारवलीय?”

“नाही ताई. आमच्या घरी पहिल्यापासून फरशी. का?”

“मग तुम्हाला कुणी सांगितलं नसणार. घरातली जमीन घरातल्या मातीची नसते.”

तिनं सगळं सांगितलं. जुनी वाडी, पाट्या, खापऱ्या. बाई आधी शांतपणे ऐकत होत्या. खापऱ्या म्हटल्यावर उठल्या आणि कपाटातून एक चपटी पेटी काढली. तिच्यात नखाएवढे काळे तुळतुळीत तुकडे होते.

“हे त्या जमिनींतून निघाले. त्या घरांपेक्षा तीन-चारशे वर्षं जुने. मी नोंद केली, पायांनी खालून वर आले असावेत.” त्या खुर्चीत बसल्या. “पाटीतून आले, असं मला सुचलंच नाही.”

“तुमच्याकडं फरशी होती,” भागूताई म्हणाली. तिला ते सांत्वन वाटलं होतं.

तीन आठवडे बाईंनी दुसरं काही केलं नाही. गावाच्या पलीकडं, नदीच्या अंगाला, भोकं पाडून पाहिली, तर अगदी जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे तसलीच पांढरी माती, लागली आणि तिच्यात पाटीनं माती उपसल्याचे मोठमोठे खड्डे. तिथली माती आणि एक्केचाळीस घरांच्या जमिनी त्यांनी शेजारी शेजारी लावल्या. मग भागूताईला बोलावलं.

“सगळ्या घरांत तीच माती आहे, ताई. तिच्यातली माणसं त्या घरांतली नाहीत. ती आधीच्या गावातली आहेत, सगळी एकत्र कालवलेली. मी चिमूट घेतली त्यात जे दोघे-चौघे सापडले, ते त्या घराचे म्हणून मी लिहिले. यंत्राला मी सांगितलं होतं, एक घर निवडच. त्यानं निवडलं. दुसरी चिमूट घेतली असती तर दुसरं निवडलं असतं.”

“पण सातव्या घरातल्या त्या दोघा-चौघांशी तरी दोघांचं नातं लागतंच ना? माझ्या लेकीचं आणि श्रीरंगचं?”

बाईंनी कागद ओढला. “तुमचे आईबाप दोन. त्यांचे मिळून चार. मग आठ, मग सोळा. असं मागं जात तीस पिढ्या गेलात तर आकडा शंभर कोटींच्या वर जातो. म्हणजे सात-आठशे वर्षं. तेव्हा साऱ्या जगात एवढी माणसंच नव्हती. मग हे पूर्वज आले कुठून? तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा मोजली जातात. तुमच्याकडूनही, माझ्याकडूनही. आणि हे गाव तर ऐंशी-नव्वद पिढ्या मागचं. तिथं ज्याचा वंश टिकला तो या तालुक्यातल्या जवळजवळ प्रत्येकाचा कुणीतरी लागतो. इतक्या लांबच्या नात्यानं लग्न अडवायचं म्हटलं तर इथं कुणाचंच होणार नाही.”

त्याच दुपारी साहेब आले. “मॅडम, अकरा वर्षांचं काम आहे तुमचं. वर्षभर थांबा, सावकाश दुरुस्ती करू. फलक बंद झाला तर खाली कोण उतरेल?”

“माझं काम आहे म्हणूनच चूक मी सांगणार,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “आणि थांबायचं कशासाठी? वर्षभरात आणखी किती लग्नं मोडतील, मोजायचंय?” त्यांनी स्वतः जाऊन फलकाची वायर काढली. मग दाराबाहेर येऊन, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, भिंतीकडं तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. भागूताईला दिसलं. तिनं जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला.

भागूताई बुवांकडं धावतच गेली. वाटलं होतं, ऐकून त्यांचा चेहरा फुलेल. बुवांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा विचारून खात्री केली, श्रीरंगला हाक मारून जवळ बसवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग विचारलं ते भलतंच.

“भागूताई, ओगलेवाडीच्या त्या स्वरदाचं पुढं लग्न झालं का कुठं?”

“नाही, बुवा. तो मुलगा मात्र दुसरीकडं लग्नाला उभा राहिला. दोन पोरं आहेत त्याला.”

एकादशीला मंडप भरला होता. नमन झाल्यावर बुवांनी पद घेतलं नाही, झांजा खाली ठेवल्या. “चार वर्षांपूर्वी मी इथून एक दृष्टांत दिला होता. तो चुकीचा होता. माझ्या शब्दावर चार घरची लग्नं मोडली. विज्ञानाचं चुकलं ते मुजावर बाईंनी सांगितलं. माझं काय चुकलं ते मी सांगतो. मला विज्ञान कळत नव्हतं, देवही पुरता कळत नव्हता, आणि दोघांच्या नावानं मी निकाल दिला.” पुढचं कीर्तन नेहमीसारखं झालं, पण भागूताईनं पाहिलं, बुवा आज टाळ्यांच्या आधीच पुढच्या ओळीवर जात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन ते ओगलेवाडीला गेले.

स्वरदा कणसे तेव्हा एकतीसची होती. दूध डेअरीत तपासणीचं काम करायची. पांढऱ्या कोटातच बाहेर आली, हात पुसत, आणि बुवांना पाहून जागीच थांबली. मग खुर्च्या मांडल्या, चहा केला. बुवांनी उठून तिच्यापुढं हात जोडले.

“असं नका करू,” ती पटकन म्हणाली. “बसा. चहा गार होतोय.”

“माझं चुकलं, बाळ. काल मंडपात सांगितलं मी. सगळ्यांसमोर.”

“कळलं मला. मावशीचा फोन आला होता.” तिनं कप बुवांच्या हातात दिला. “बुवा, एक विचारू? सांगताना माझं नाव घेतलंत का?”

“नाही गं. तुझी उगाच चर्चा नको म्हणून...”

“लग्न मोडलं तेव्हा गावानं माझंच नाव घेतलं होतं. एकोणीसवाली, एकोणीसवाली करत डेअरीपर्यंत यायचे. तेव्हा चर्चा नको असं कुणालाच वाटलं नाही.” तिचा आवाज शांत होता. “आता चूक निस्तरताना तेवढं माझं नाव गाळायचं? मी कुणाची बहीण नव्हते. माझं काहीच चुकलं नव्हतं. हे माझं नाव घेऊन सांगा. बाकी मला काही नको.”

परतीच्या वाटेवर बुवा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते. सदाशिवगडाच्या वळणावर म्हणाले, “भागूताई, ती मुलगी मला कीर्तन शिकवून गेली.”

ओवीचं आणि श्रीरंगचं लग्न वैशाखात झालं, त्याच मंडपात. अक्षता पडायच्या आधी बुवा उठून उभे राहिले आणि भरल्या मंडपात त्यांनी स्वरदाचं नाव घेतलं. पूर्ण नाव, गाव, आणि तिच्या बाबतीत आपण काय केलं ते. पाहुणे चपापले, शुभकार्यात हे कशाला म्हणून दोघे-तिघे कुजबुजले. स्वरदा आली नव्हती, आणि येण्याचं काही कारणही नव्हतं. भागूताईनं ओवीकडं पाहिलं. ओवी मुंडावळ्या सावरत मान हलवत होती, बरोबर आहे, बरोबर आहे, अशी.

खालच्या गावात गर्दी निम्म्यावर आली. भागूताई अजून फिरवते. मूळघर विचारायला कुणी आलंच तर सातव्या घरापाशी नेते आणि जमीन दाखवते. डॉ. मुजावर पुन्हा पहिल्या चिमटीपासून कामाला लागल्यात, आणि त्यांच्या टिपणवहीत प्रत्येक घरापुढं आता आणखी एक रकाना आहे, माती कुठून आणली.

तर मंडळी, ही झाली गोष्ट. हिच्यात एकीचं लग्न वाचलं, त्याचा आनंद तुम्ही घेतलाच असेल, मीही घेतला. पण घरी जाल तेव्हा जेवायला बसायच्या आधी दुसरीची आठवण काढा. तिचं लग्न काही परत आलं नाही. तिनं मागितलं ते एवढंच. स्वरदा कणसे, ओगलेवाडी. तिचं काहीच चुकलं नव्हतं. नाव लक्षात ठेवा.